शेरा : द. दा.

१

वही सापडली. ती कोणी नाहीशी केली तेही कळलं, त्या व्यक्तीने दोन साक्षीदारांदेखत कबुली दिली, आणि कोणालाही अटक झाली नाही.

आता हे झालंच नाही असं समजू या. मंगळवार आहे, सकाळचे साडेदहा वाजले आहेत आणि कपाट रिकामं आहे.

कपाट हरित दफन नियमन कक्षाचं. कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि भिंतभर नियमावली. माणसाने जन्मभर जी घाण केली ती केली, निदान जाताना तरी करू नये, असं वर कुठेतरी ठरलं आणि हा कक्ष उघडला. पेटी नाही, पॉलिश नाही, दगड नाही, पाटी नाही. बिनरंगी सुती कापड, तीन हात खड्डा, वर एक रोप. तीन वर्षांत माणसाची माती आणि मातीचं झाड. नियम एकूण चव्वेचाळीस. ते सगळे एकटीने लिहून काढणाऱ्या तपासनीस बाई आत्ता त्या रिकाम्या कपाटासमोर उभ्या होत्या.

नियम सात असा होता की दफनासंबंधी वापरायची प्रत्येक वस्तू मातीत विरघळणारी हवी. त्यामुळे पहिल्याच दिवशी संगणक बाद झाला. नोंदवही बियांच्या कागदाची केली. खळीने चिकटवलेली, सुती दोऱ्याने शिवलेली, हातभर लांब, वीतभर रुंद, आणि वर कापडाचं लाल बासन. कोण कोणत्या झाडाखाली आहे ते जगाच्या पाठीवर फक्त त्या वहीत होतं. चारशे बारा माणसं.

ही नोंद दुसरीकडे कुठे कशी नाही, असं विचारणाऱ्याला बाईंनी नियमच दाखवले असते. सलग खड्डे खणले की जमिनीवर ताण येतो, म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरायची. झाडांवरचे लाकडी बिल्ले वर्षाच्या आत कुजायचे. कुजतात म्हणूनच तर ते मंजूर झाले होते. नातलगांच्या पावतीची शाई पालेभाजीची, ती चार महिन्यांत उडायची. आणि नातलगांनी मैदानाच्या बांबूच्या फाटकापलीकडे पाऊल टाकायचं नाही, माती दबते. कागद वाचावा म्हणून बाईंनी शेरेसुद्धा आखूड करून टाकले होते.

वही भरली दहा महिन्यांपूर्वी. मग नवी सुरू झाली. जुनी कोणी मागितली नाही, कारण गेलेल्या माणसाची चौकशी लोक पहिले पंधरा दिवस करतात, पुढे जेवणखाण असतं.

मंगळवारी ती पहिल्यांदा मागितली गेली. मागणाऱ्या बाई स्वतःच होत्या. वहीतली शेवटची, चारशे बारावी नोंद त्यांच्या आईची होती.

२

"क्रमांक आणलास?" बाबांनी विचारलं.

बाबा चाळीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं छाटत होते. आता ते पलंगावर होते आणि डॉक्टरांनी दारात बाईंना हळूच सांगितलं होतं, "आठवडे धरू नका. दिवस धरा." बाबांचं बाकी सगळं गेलं होतं, कान तेवढे शाबूत होते, त्यामुळे तेही त्यांनी ऐकलं होतं.

"उद्या आणते, बाबा."

"तुझा तो एकतिसावा नियम वाच बघू परत."

बाईंना तो पाठ होता. नवरा-बायकोला शेजारची जागा मिळू शकते. अर्जदाराने जिवंतपणी, स्वतःच्या सहीने, आधी गेलेल्याच्या झाडाचा क्रमांक लिहून अर्ज करावा.

"सही अजून जमते," बाबा म्हणाले. उशाखालून त्यांनी निळ्या पेन्सिलीचा तुकडा काढून दाखवला. टपालात चुकलेल्या पत्त्यांवर ते याच पेन्सिलीने खूण करायचे. निवृत्त होताना डबाभर घेऊन आले होते. घरात भाजीच्या यादीपासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळं निळं होतं. बाईंच्या पर्समध्येही एक होती. "जिवंतपणाचं तेवढं तू बघ. लवकर आण."

"अंदाजे एखादा आकडा घालू का? कोण बघतंय?"

हे त्या गमतीने बोलल्या, निदान तसं वाटावं अशा आवाजात. बाबांनी मान वळवली.

"पोरी, अंदाजाने टाकलेलं टपाल मी चाळीस वर्षं परत पाठवलंय. पत्ता अपुरा, असा शिक्का मारून. तुझ्या आईच्या दारातून मी परत येऊ? आधीच ती मला म्हणायची, तुम्हाला घर सापडत नाही."

बाईंनी त्यांना पाणी पाजलं. दोन घोट आत गेले, एक उशीवर.

"चोरीला गेली का वही?" बाबांनी डोळे मिटून विचारलं.

बाईंनी हे त्यांना सांगितलंच नव्हतं.

३

कपाटाच्या चाव्या दोन. एक बाईंकडे, दुसरी शिपाईकाकांकडे. कुलूप शाबूत होतं. बाईंनी शिपाईकाकांना समोर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. तेवीस वर्षांच्या नोकरीत ते साहेबासमोर कधी बसले नव्हते आणि साहेब नसताना कधी उठले नव्हते.

"तुमच्या घरी फोन मीच केला होता," ते म्हणाले. "वही कुठे ते विचारायला. तुमच्या बाबांनी उचलला."

"काका, वही तुम्ही हलवलीत?"

"मी आपणहून काही हलवत नाही, बाई. ट्रेमध्ये असेल ते उचलतो, शेरा बघतो. मैदानाचं मैदानावर, कपाटाचं कपाटात. वाचत बसलो तर पेन्शन इथेच व्हायची."

"मग गेली कुठे?"

"ज्याच्या पोटावर पाय आला त्याला विचारा."

पोटावर पाय आला होता पेटीवाल्याचा. तीन पिढ्यांचं दुकान एका नियमाने बसलं होतं. बाई आत शिरल्या तेव्हा तो एका लांबलचक पेटीला खण पाडत होता.

"या मॅडम. माप घेऊ?"

"कोणाचं?"

"ज्याचं राहिलं असेल त्याचं. आता याची चपलांची कपाटं करतो. थोडी लांब होतात, पण मोठ्या कुटुंबाला बरी पडतात."

बाईंनी वहीचं विचारलं. त्याने रंधा खाली ठेवला.

"म्हणजे वही हरवली, कक्षाचं नाक कापलं, नियम रद्द, आणि माझी पेटी पुन्हा चालू. चांगलं आहे. मला सुचायला हवं होतं." मग त्याने भुसा झटकला आणि त्याचा आवाजही जरा झटकल्यासारखा झाला. "मॅडम, माझा बाप आहे त्या वहीत. जन्मभर पेट्या केल्या, आणि मरताना म्हणाला, मला पेटीत घालू नको रे, मला आतलं सगळं माहीत आहे. तुमच्याकडे दोनदा आलो होतो त्याचं झाड विचारायला. दोनदा तुम्ही जेवायला गेला होतात."

"वही सापडली की सांगते."

"सांगाच. नाहीतर एक कपाट न्या. रिकामं दिसायला हेही बरं दिसतं."

चोर बापाच्या पत्त्यासाठी दोनदा रांगेत उभा राहत नाही. पेटीवाला बाद. बाई दारापर्यंत पोहोचल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "मावशीकडे जा. त्या मैदानावर किती गेले ते तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे."

"जास्त म्हणजे?"

"जास्त म्हणजे एकाने जास्त. म्हणते ती."

४

मावशी म्हणजे कक्षाची ठेकेदार. पुढच्या खोलीत गेलेल्यांची कापडं शिवायची, मागच्या अंगणात रोपं वाढवायची. दोन्ही कामांत ती एकच सुतळी वापरत असे.

"तुमची आई गेली तो महिना," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "खड्डेकराने माझ्याकडून तेरा रोपं नेली."

त्या महिन्याचा अहवाल बाईंनीच वर पाठवला होता. बारा दफनं. बारावी आई.

"एखादं रोप मेलं असेल. बदली नेलं असेल."

"माझं रोप मरत नाही," मावशी म्हणाली, आणि बाईंकडे बघितलं. "माणसांचं मी सांगू शकत नाही."

"मग तेरावं कोणाचं?"

मावशीने दोरा दाताने तोडला. बराच वेळ ती उगाच शिवण उलटी करून बघत राहिली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुमच्या सहीनेच आलंय म्हणजे असेल काहीतरी घरचं, म्हणून बोलले नाही कोणाजवळ."

"काय आलं होतं, मावशी?"

"तान्हं."

५

ते आईच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी आलं. सोबत कोणी नव्हतं. परवान्याच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून शिपायाने आणलं, टेबलावर ठेवलं आणि सही घेऊन गेला. वर लाल कापड होतं. रंगीत कापड मातीत चालत नाही, म्हणून मावशीने ते बदललं.

"बघितलंत?"

"तान्ह्याचं बघवत नाही मला. डोळे मिटून बदललं. हातभर होतं बघा, वीतभर रुंद. हाताला कडक लागलं." मावशी थांबली. "कडक तर सगळेच लागतात."

बाई मैदानाच्या वाटेला लागल्या. चालता चालता त्यांनी रहस्य उलगडलं, आणि ते इतकं नीट उलगडलं की त्यांना घाम फुटला. कोणीतरी एक तान्हं मूल गुपचूप पुरलं होतं. परवाना खोटा, सही खोटी. त्या महिन्यात बाराच दफनं नोंदलेली, तेरावं झाड उघडं पडलं असतं, म्हणून वहीच नाहीशी केली. वाईट गोष्ट अशी की एका मेलेल्या लेकरामुळे बाईंना हायसं वाटलं. म्हणजे चोर होता. चोर असला की चोरलेली वस्तू असते. वस्तू असली की आईचा क्रमांक असतो. बाबांना अजून एक दिवस मिळाला तर पुरे होतं.

हायसं वाटल्याची त्यांना लाज वाटली. मग ती लाज बाजूला ठेवून त्या भराभर चालू लागल्या.

फाटकाशी खड्डेकर उभा होता. त्याचं खरं आडनाव काय ते पगारपत्रकालाही माहीत नव्हतं. त्याने बाईंकडे बघितलं, मग त्यांच्या चपलांकडे.

"तेरावं ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, कधीतरी कोणीतरी येईल त्याचं."

६

"इतक्या झाडांतलं तेच कसं लक्षात राहिलं तुझ्या?"

"रडायला कोणी नव्हतं, बाई. सगळ्यांच्या मागे फाटकाशी कोणीतरी असतं. याच्यामागे मीच. मग मीच थोडा रडलो. आपण रडलो ती जागा आपल्याला सापडते."

"माझ्या आईची?"

"तिच्यासाठी तुम्ही होतात ना." त्याने मान खाली घातली. "मी वळून बघितलं होतं. तुम्ही फाटकाला धरून उभ्या होतात. पण कुठल्या झाडापासून बघितलं, ते नाही हो येत. सगळीकडून फाटक सारखंच दिसतं."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नववा नियम मोडला आणि फाटक ओलांडलं. माती खरंच दबली.

तेरावं रोप कमरेएवढं झालं होतं. त्याच्या बुंध्याशी पिवळी रानफुलं उगवली होती. मैदानात कुठेही नव्हती, तिथेच. विखुरलेली नाहीत, वेडीवाकडी नाहीत. चौकोनी. हातभर लांब, वीतभर रुंद, कडा कापल्यासारख्या सरळ.

बाईंनी वाकून वितीने रुंदी मोजली.

"परवाना होता याचा?" त्यांनी विचारलं.

"परवान्याशिवाय मी उंदीरसुद्धा पुरत नाही."

खड्डेकराच्या खोपटात भिंतीला एक तार होती, तिच्यात सगळ्या चिठ्ठ्या टोचलेल्या. त्याने त्या महिन्यापर्यंत चाळत नेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर नाव, वय, खाली मंजुरीचा शेरा आणि तपासनीसांची सही. पालेभाजीची शाई फिकी होऊन गेली होती, वाचायला डोळे ताणावे लागत. एकच चिठ्ठी ठळक होती. तिच्यावर नाव नव्हतं, वय नव्हतं. फक्त शेरा आणि सही.

द. दा.

निळ्या पेन्सिलीने.

"सही खोटी आहे का, बाई?" खड्डेकराने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझीच आहे."

७

मावशीलाही बोलावून घेतलं. रहस्यकथेत सगळ्यांना एका खोलीत जमवायची पद्धत आहे. खोपटात दोघंच मावत होते, म्हणून मावशी दारात बसली.

"चोरी झाली नाही," बाई म्हणाल्या. "तान्हंही नव्हतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आले. घरी बसवत नव्हतं. वहीत आईची नोंद केली, वही भरली. भरलेल्या वहीवर शेरा मारायचा असतो. या कक्षात येण्याआधी अकरा वर्षं मी मोठ्या कचेरीत होते. तिथे काम संपलेल्या कागदावर लिहितात, दप्तरी दाखल. द. दा. म्हणजे कपाटात ठेवा. हाताला तीच सवय. पेन सापडेना, पर्समध्ये बाबांची पेन्सिल होती. चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी बासनाला टोचली, ट्रेमध्ये ठेवली."

"पण इथे द. दा. म्हणजे..." खड्डेकर म्हणाला.

"दफनास दाखल. मीच केलं ते आखूड. कागद वाचावा म्हणून."

मग कोणीच काही चुकलं नव्हतं. शिपाईकाकांनी शेरा बघून बासन मैदानाकडे रवाना केलं होतं. मावशीने रंगीत कापड बदललं होतं. खड्डेकराने गाठ सोडली नव्हती, कारण गाठ सोडायची नाही असा सतरावा नियम होता. चव्वेचाळीस नियम अंमलात आल्यापासून इतकं बिनचूक दफन त्या मैदानावर झालं नव्हतं.

"म्हणजे मी वहीसाठी रडलो?" खड्डेकर म्हणाला.

"चारशे बारा माणसं होती तिच्यात."

"मग कमीच रडलो."

तीन वर्षं खड्डा उकरायचा नाही हा चौदावा नियम. बाईंनी तोही मोडला. खड्डेकराला झाडाशी फावडं लावू दिलं नाही, हातानेच माती बाजूला केली. कागद नव्वद दिवसांत पूर्ण विरघळेल असं कारखान्याने लिहून दिलं होतं. कारखाना प्रामाणिक निघाला. बोटाला मुळं लागली, मुळांत अडकलेला सुती दोऱ्याचा एक वेढा लागला, आणि खाली माती, शेजारच्या मातीसारखीच. त्यांनी ती नाकाशी नेली. कशाचाच वास आला नाही.

मावशीने मागून विचारलं, "आईची जागा नसेल का हो जवळच? दुसऱ्याच दिवशी पुरलं ना हे?"

"चिठ्ठी टाकून ठरते जागा," बाई म्हणाल्या. "नियम अकरा."

दोऱ्याचा तो वेढा त्यांनी पर्समध्ये ठेवला. मग बाहेर काढून परत मातीत टाकला, कारण आवारातून काही बाहेर न्यायचं नाही, आणि तो नियम कितवा ते त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

८

बाबा जागे होते.

"सापडली?"

"सापडली."

"मग?"

"फुलं आलीत, बाबा."

बाबांनी छताकडे बघत हे कोणत्या खणात टाकायचं त्याचा विचार केला. चाळीस वर्षांत असं पत्र त्यांच्या हाती आलं नसावं.

"कोणी केलं?"

बाईंनी सांगितलं. सगळं, पेन्सिलीसकट. बाबा रागावतील असं त्यांना वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझी आई म्हणायची, पोरगी कामाला वाघ आहे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे पत्ता अपुरा."

"बाबा..."

"कोणाकडे दाद मागता येते?"

"माझ्याकडे. पण स्वतःच्या घरच्या अर्जावर तपासनीसाला निर्णय देता येत नाही. नियम बावीस."

"मग दुसरा तपासनीस?"

"नाहीये. एकच पद मंजूर आहे."

बाबा हसले, किंवा खोकले. मग उशाखाली हात घालून त्यांनी निळा तुकडा काढला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला. बोटं लगेच मागे घेतली नाहीत.

"तरी लिही. न लिहिलेलं पत्र तर कुठेच पोहोचत नाही."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. गुडघ्यावर कागद घेतला. बाबांचा श्वास एकदा अडकला, त्यांनी पेन्सिल थांबवली. श्वास पुन्हा सुरू झाला, त्यांनी लिहायला घेतलं.

प्रति,
तपासनीस, हरित दफन नियमन कक्ष.

अर्जदार : तपासनीस, हरित दफन नियमन कक्ष, व त्यांचे वडील (हयात).

विषय : नियम एकतीसमधून सूट मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या आईचे झाड कोणते याची नोंद अर्जदाराच्या हातून दफन झाली असून तीवर सध्या पिवळी फुले आहेत. तरी 'आधी गेलेल्याच्या झाडाचा क्रमांक' या रकान्यात 'एक ते चारशे बारा' असे लिहिण्यास परवानगी मिळावी. अर्जदाराच्या वडिलांना आवारात कोठेही जागा मिळाली तरी ती शेजारचीच समजण्यात यावी. निर्णय होईपर्यंत त्यांना हयात राहण्यास मुदतवाढ देण्यात यावी.

तसेच, या अर्जावर कृपया द. दा. असा शेरा मारू नये, ही विनंती.